अळंब्यांची ओल

मी जर्मनीतल्या मर्सेबुर्गच्या प्रयोगशाळेतली क्वार्ट्झ काचेची एक जुनी नळी आहे. मित्रांनो, आता कपाटात धूळ खात पडले असले, तरी एके काळी माझाही थाट होता.

वीलांड नावाच्या कारागिराने काच फुंकून मला घडवले. माझ्या तळाशी बारीक छिद्रांची चकती होती. तिच्यावर तांब्याची भुकटी पसरायची आणि खालून हायड्रोजनबरोबर नायट्रोबेन्झीनची गरम वाफ सोडायची. मग भुकटी उतू जाणाऱ्या दुधासारखी उसळायची आणि बाटलीत थेंब थेंब ॲनिलिन जमायचे. त्यापासून कापडाचे रंग होत. भुकटी मात्र होती तेवढीच उरे. उत्प्रेरक म्हणतात तो हाच.

माझी देखभाल प्रयोगशाळेतल्या मदतनीस फ्राउ लोर्के, म्हणजे लोर्केबाई, करत. लाकडी चमच्याने मला हलकेच ठोकून त्या आवाज ऐकत आणि आतली भुकटी मोकळी आहे की नाही ते ओळखत. ते दिवस आठवले की आजही जीव हळवा होतो.

एका शरदात आनेग्रेट या तरुण संशोधिकेचे काम अडले. भुकटी उसळेना. वायू तिच्यात एकच भोक पाडून निघून जाई आणि बाटली कोरडीच राही. तीन वर्षांचे तिचे काम त्या शुक्रवारी बंद होणार होते.

"ही नळीच बाद आहे, फेका," विभागप्रमुख टेट्झलाफ म्हणाले. "आणि तुम्ही दुसरा विषय बघा."

फ्राउ लोर्केंनी मला ठोकून पाहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"नळीला कशाला नावं ठेवता, साहेब? भुकटी ओली राहिली, तिचे गोळे झालेत."

"ओली कशी? दोन दिवस ओव्हनमध्ये होती!" आनेग्रेट रडकुंडीला आली.

"होती गं पोरी. पण खालच्या कप्प्यात माझ्या अळंब्या वाळत होत्या. त्यांचीच वाफ लागली."

जंगलातून आणलेल्या अळंब्या प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये वाळवायची तिथे सगळ्यांनाच सवय, पण कबूल कोण करणार!

"आणि वरच्या कप्प्यातल्या कुणाच्या?" आनेग्रेटने विचारले.

टेट्झलाफ साहेब खाकरले. फ्राउ लोर्के त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "चूक माझी. माझ्या एकटीच्या नावावर लिहा. पण पोरीला सोमवारपर्यंत वेळ द्या."

वेळ मिळाला. सोमवारी नवी, कोरडी भुकटी माझ्यात अशी काही उसळली! थेंब पडू लागताच आनेग्रेट बाटली घेऊन तळघराकडे धावली. कारण फ्राउ लोर्केंची बदली त्याच सकाळी तिथल्या गोदामात झाली होती. निवृत्तीपर्यंत त्या परत वर आल्या नाहीत.

मित्रांनो, वस्तू बिघडली की तिला फेकण्याआधी जरा तपासून पाहा. आणि जे माणूस आपली चूक आपणहून सांगते, त्याला तेवढे तळघरात धाडू नका.