चिंचेनं घासलेला बिल्ला

कंपनी कोणती, एवढं एकच विचारून लोक फोन ठेवत होते.

सुरेखानं बापाच्या, म्हणजे कडुबाच्या, ड्रमसेटचे फोटो मोबाइलवर विकायला टाकले होते. पुण्याहून फोन आला, नागपूरहून आला, एकदा तर गोव्याहून आला. कडुबा प्रत्येकाला सांगायचा, लाल रंगाचा आहे, दोन झांजा आहेत, छावणीतल्या अफसरांच्या क्लबातून लिलावात निघालेला माल आहे. समोरचा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ते ठीक आहे काका, पण कंपनी कोणती? ड्रमवर पितळी बिल्ला असेल बघा. त्याचा जवळून फोटो पाठवा."

सुरेखानं जवळून फोटो काढला. बिल्ला सोन्यासारखा चमकत होता आणि त्यात सुरेखाचं नाक दिसत होतं. अक्षर एकही नव्हतं.

अक्षरं गेली होती ती आवडाबाईच्या हातानं. आवडाबाई म्हणजे कडुबाची बायको, संक्रांतीनंतर वारली. खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापली अवजारं पुजायची असतात. सुतार पटाशी पुजतो, शिंपी मशीन पुजतो, तसा या घरात ड्रमसेट पुजला जायचा. पूजेआधी पितळ घासायचं, हा आवडाबाईचा नेम. चिंच, मीठ आणि नारळाचा काथ्या घेऊन ती समई घासायची आणि त्याच हातानं बिल्लाही घासायची. कडुबा ज्यात ड्रम वाजवायचा तो ऑर्केस्ट्रा बंद पडला, तो शेंद्र्याला एका कारखान्यावर वॉचमन झाला, तरी हे घासणं काही बंद पडलं नाही.

आता रविवारी खोली सोडायची होती. कडुबा लेकीकडं शेंद्र्याला राहायला जाणार होता आणि तिच्या दोन खोल्यांत ड्रमसेट मावणार नव्हता. भंगारवाला किलोवर न्यायला तयार होता. त्याचं नाव काढलं की कडुबाच्या कपाळाची शीर उठायची. आवडाबाई जन्मभर सांगत आली होती की हा माल विलायती आहे. ती सातवी शिकलेली. ड्रमसेट घरी आला तेव्हा बिल्ला काळाकुट्ट होता. तिनं तो घासला, एकेक अक्षर जुळवून वाचलं आणि सांगितलं, "खाली इंग्लंड लिवलंय." बँडचा स्वस्त देशी माल मेरठचा, म्हणून ऑर्केस्ट्राचा मालक मुख्तारभाई तिला चिडवायचा, "मेरठ का माल है भाभी, मेरठ का." ती उसळून म्हणायची, "मेरठचं असंल तुमचं तोंड! हे विलायती हाय." या भांडणावर मुख्तारभाई दर वेळी दोन कप चहा पिऊन जायचा. कडुबाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो दोघांच्या मधे कधी पडला नाही.

तिचं खरं होतं की नाही, हे कोणीतरी जाणकारानं सांगावं आणि मगच माल घरातून जावा, एवढंच त्याला हवं होतं. पण सांगणार कोण, आणि कशावरून?

शुक्रवारी नमाजनंतर मोईन आला. मुख्तारभाईचा मुलगा, शहागंजात जुनी वाद्यं घ्यायचा आणि विकायचा. त्यानं बूट दाराशी काढले, ड्रमसेटभोवती एक फेरी मारली आणि खाली बसला.

"काका, बुरा मत मानो. हे ड्रम हायत का समया?"

"तुला काय दिसतं ते सांग."

"झांजेवरची नावाची शाई गेली. जुन्या झांजेचा काळेपणा लोक पैसे देऊन घेतात, चाचीनं पार नवी करून ठेवली." त्यानं चावीनं एका ड्रमवर ताणलेलं पान उतरवलं आणि आत मोबाइलची बत्ती मारली. "आत तारखेचा ठप्पा असतो. त्यावरून साल कळतं. अरे, ये क्या? आतून बी लाल?"

"दाराचा ऑइलपेंट उरला होता," कडुबा म्हणाला. "वाळवी लागंल म्हणून तिनं मारला."

"आन तुम्ही बघत बसले?"

"बघत कशाला? डबा म्याच धरला होता."

मोईन हसला. कडुबाला हसू आलं नाही. त्याला वाटलं, बाई, माणसानं जपावं, पण इतकं? जिथं जिथं म्हणून तुझं खरं निघायची सोय होती, तिथं तिथं तुझा हात फिरलेला. जित्या बायकोवर चिडलं तर ती उलटून दोन शब्द देते, भाजीत मीठ जास्त टाकते. गेलेलीवर चिडून माणसानं करायचं काय?

"बेनाम माल हाय, काका," मोईन म्हणाला. "मी मेरठचाच भाव देणार. भंगारापेक्षा बरा."

"मेरठ म्हणू नको."

"मग काय म्हणू? नाव दाखवा." मोईननं बिल्ल्यावर अंगठा फिरवला. मग तो थांबला, वाकला आणि बिल्ल्याची कड नखानं चाचपली. "एक रास्ता है. हा बिल्ला ठप्प्याचा हाय. पुढून अक्षर उठवलं की मागं ते उलटं दबतं. मागून तर चाचीचा हात गेला नाय ना?"

"मागून कसा जाईल? ठोकलेला हाय."

"तेच तर. मधल्या पोकळ खिळ्यानं धरलाय. खिळा वाकवावा लागंल. बिल्ला कागदासारखा पातळ झालाय, तुटला तर तुटला. आन मागं मेरठ निघालं तर माझ्यावर चिडू नका."

दारात उभी असलेली सुरेखा बापाला म्हणाली, "दादा, राहू द्या. आईच्या हातचं हाय ते."

"तिच्या हातचं हाय म्हणूनच काढायचं," कडुबा म्हणाला. "आण तो पेचकस."

मोईननं हात पुढं केला, पण कडुबानं पेचकस त्याला दिला नाही. स्वतःच खिळ्याखाली घातला आणि दाबला. खिळा हलेना. त्यानं आईबहिणीवरून एक शिवी दिली, कोणाला ते त्याचं त्यालाच माहीत, आणि जोर लावला. कट्ट आवाज झाला. बिल्ल्याचा कोपरा पापडासारखा मोडला आणि बाकीचा बिल्ला त्याच्या तळहातावर पडला.

मागची बाजू हिरवट काळी होती. तिथं कधी चिंच पोचली नव्हती. उलटी अक्षरं खोल आणि स्वच्छ दिसत होती. सुरेखानं फोटो काढला, मोबाइलवर तो उलटा करून सुलटा केला. वरचं कंपनीचं नाव तिनं दोनदा वाचलं. कडुबाच्या कानात ते शिरलंच नाही.

"खाली?" तो म्हणाला. "खाली काय हाय?"

"मेड इन इंग्लंड."

मोईन उठून उभाच राहिला. "या अल्ला! काका, आता भाव तिप्पट. पुण्यावाल्याला आत्ता फोन लावतो. चाची जीत गई!"

"जीत गई," कडुबा म्हणाला. "आता सांगतो कोणाला?"

ती असती तर आठ दिवस कोणाला तोंड उघडू दिलं नसतं. शेजारच्या साळूबाईला बोलावून दाखवलं असतं.

"बिल्ला द्या काका. त्याच्याशिवाय माल परत बेनाम."

"देतो. आधी तुझ्या बापाकडं चल."

"अब्बांना आता नीट उमगत नाय. कधी कळतं, कधी नाय."

"गाडी काढ म्हणतो ना!"

मोईननं स्कूटर काढली. शहागंजातल्या घरी मुख्तारभाई खिडकीपाशी पलंगावर बसला होता, अंगानं निम्मा झालेला. कडुबानं बिल्ला त्याच्या हातात ठेवला. म्हाताऱ्यानं चमकणारी बाजू वर धरली, बराच वेळ पाहिली आणि गालात हसला.

"मेरठ का माल है. भाभी को बोल."

"अब्बा, पलटके देखो," मोईन म्हणाला.

"मेरठ का है. बुलाओ भाभी को." आणि तो दाराकडं बघायला लागला, आता ती येईल आणि तोंड सोडील म्हणून.

कडुबानं बिल्ला त्याच्या हातातून ओढून घेतला. पलटला. मागची बाजू त्याच्या नाकासमोर धरली.

"मेरठचं असंल तुमचं तोंड, मुख्तारभाई!" तो ओरडला. "हे विलायती हाय!"

मुख्तारभाईनं समाधानानं मान हलवली आणि आतल्या खोलीकडं तोंड करून चहा सांगितला. दोन कप.

कडुबानं बिल्ला मोईनच्या हातात दिला आणि चहाला थांबला.