खारबावच्या पाण्याचा शेरा

“काका, एक विचारू? राग नका मानू. बाटल्या तुम्ही शेतातच भरता ना?”

हरिभाऊंच्या हातात सिरिंज होती आणि डोळे घड्याळावर. नऊ वीस झाले, तशी त्यांनी भातावर पालथी घातलेल्या पारदर्शक पेटीच्या बुचात सुई खुपसली, आतली हवा ओढली, काचेच्या बाटलीत सोडली आणि बाटलीवर दोनचा आकडा टाकला; दर वीस मिनिटांनी एक, अशा तासाभरात चार भरायच्या असत. मग संशोधन संस्थेतून आलेल्या, बांधावर उभ्या असलेल्या अदिती मॅडमकडे पाहिलं.

“शेतात नाही तर कुठे भरणार?”

“संस्थेत म्हणतात, घरी बसून साध्या हवेने भरल्या असतील.”

पलीकडे रस्त्याच्या कडेने डंपर मुरूम ओतत होते. हरिभाऊंनी बाटली खोक्यात ठेवली.

भाताच्या खाचरात पाणी साचलं की चिखलातून मिथेन वर येतो. खारबावच्या या शेतातून तो किती येतो आणि जपानमधल्या तसल्याच एका शेतातून किती, हे ताडून पाहण्याचं काम गेली तीन वर्षं चाललं होतं. तिकडचा आकडा सोळाच्या घरात, इकडचा जेमतेम तीन. एवढा कमी कसा, तर म्हणे बाटल्या भरणारा माणूसच लबाड. शहाण्यांना दोष द्यायला जवळचा माणूस बरा पडतो.

तीस वर्षं हरिभाऊ भिवंडीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडामांड केली आणि नळ्या विसळल्या. निवृत्तीनंतर हे कंत्राटी काम मिळालं तेव्हा त्यांची बायको शुभदा म्हणाली होती, “चला, म्हणजे विसळणं काही सुटत नाही!” शाळेतली मुलं पुस्तकातलं उत्तर बघून आकडे जुळवायची, तेव्हा मात्र हा गरीब माणूस खवळायचा. “जे आलं ते लिहा रे!” तेवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवली होती, आणि आज नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं गेलं. त्यांना फार लागलं. पण भांडायलाही अंगात बळ लागतं, आणि ते कामतघरच्या घरून रिक्षा बदलत इथवर येण्यातच संपत असे.

“माझे फॉर्म वाचलेत?” त्यांनी विचारलं.

“आकडे सगळे कंप्युटरमध्ये भरलेत.”

“आणि शेरा?”

त्यांनी पिशवीतून फाइल काढून दिली. प्रत्येक कागदाच्या शेवटच्या रकान्यात त्यांचं शाळकरी, गोल अक्षर होतं. ‘पाणी मचूळ.’ ‘भरतीनंतर पाणी मचूळ.’ ‘अमावास्या. पाणी खारट.’ तीन वर्षं हेच. अदितीने पानं उलटली, पुन्हा उलटली.

“काका,” ती म्हणाली, “शेऱ्याला कंप्युटरमध्ये रकानाच नाही.”

बांधावर गवत कापणाऱ्या पार्वतीबाई हसल्या. शेत त्यांचं. हरिभाऊंना त्या पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणत, आणि हरिभाऊंनी ते सुधारायचं कधीच सोडून दिलं होतं.

“मॅडम, यो खाडीचा पानी झिरपतं बांधातून. आमचे भाताला मीठ टाकाया न्हाय लागत! मास्तर खोटा न्हाय बोलाचा.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला? अदिती वाकली, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

“खाऱ्या चिखलात मिथेन कमीच होतो. मला सुचायला हवं होतं.”

ती संस्थेत फोन लावून बांधावर लांब गेली. नऊ चाळीसला हरिभाऊंनी तिसरी बाटली भरली. ती परत आली तेव्हा त्यांनी तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

“शक्य आहे म्हणतात. पण नुसत्या शेऱ्यावर नाही धरणार. आणखी एक अख्खा हंगाम पाणी तपासून, मोजून द्या म्हणतात. नाहीतर तक्त्यात खारबावच्या नावापुढे रेघ.”

“एक हंगाम,” हरिभाऊ म्हणाले आणि पार्वतीबाईंकडे पाहिलं.

“भावेशनी दिली ना जमीन,” पार्वतीबाई मुलाचं नाव घेऊन म्हणाल्या. “मी बोलले, कापनीपरत तरी थांबा. दसऱ्याला गोडाऊनचा भूमिपूजन हाय, आयकतो कोन?”

एक डंपर पाठमोरा सरकत बांधापाशी आला. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली.

“चाचा, ये डब्बा हटाओ. यहाँ खाली करना है.”

“आठ मिनट, भाई. घंटा पूरा होने दो.”

“उससे क्या होगा?”

हरिभाऊंनी विचार केला. आकडा कुठेच धरला जाणार नव्हता, पुढच्या वर्षी इथे गोडाऊन असणार होतं.

“कुछ नहीं होगा,” ते म्हणाले.

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. पार्वतीबाईंचा विळा थांबला.

दहा वाजता हरिभाऊंनी चौथी बाटली भरली, फॉर्म मांडीवर घेतला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘पाणी मचूळ.’ खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा तीन वर्षं कोरी होती. अदितीने पेन मागून घेतलं आणि सही केली. हरिभाऊंनी ती वाळेपर्यंत कागद तसाच धरला. मग पेटी उचलून ते बांधावर चढले, आणि ड्रायव्हरला ‘येऊ दे’ म्हणून हात केला.