डाव्या भुवईवरचा घाम

मी टॉवेल बोलतोय, लासुर्ण्याच्या रामहरी तात्यांच्या खांद्यावरचा. बोलतोय आपला मनातल्या मनात. तोंड असतं तर त्या दिवशी दवाखान्यात माझी इतकी तगमग झाली नसती.

सोलापूरच्या मागावर विणलेला मी. तात्यांच्या लेकीनं, प्रगतीनं, मला बारामतीच्या बाजारात घेतलं. तेव्हापासून उसात राबणाऱ्या तात्यांचा घाम टिपतोय. तोंड पुसणाऱ्याला माणसाची सगळी खबर असते, पण त्याला विचारतं कोण?

दर आठवड्याला तात्या दाढीला जात. दाढी झाली की मान मोडून घेणं आलंच. एकदा सलूनवाल्यानं मलाच मानेमागून घेतलं, माझी दोन्ही टोकं धरली आणि हिसका दिला. कडाड वाजलं. तात्या खुशीत म्हणाले, "आता कसं मोकळं वाटतंय."

चार दिवसांत त्यांची डावी पापणी खाली आली, बाहुली बारीक झाली. त्यांच्या घरधनीण साखरबाई म्हणाल्या, "झोप झाली नसंल." मला मात्र भीती वाटू लागली. डाव्या भुवईवर घामच येत नव्हता.

शेवटी प्रगती त्यांना बारामतीच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. छातीतल्या गाठीनंही पापणी अशी उतरते म्हणून छातीचा फोटो काढला, तो साफ निघाला.

"तात्या, मानेला मार, हिसका काही बसला होता का?"

"न्हाय बा."

ते खोटं बोलत नव्हते. मान मोडणं त्यांच्या लेखी मार नव्हताच, आराम होता. मी खांद्यावर नुसता जळत होतो.

"मान दुखती जरा," तात्या उठता उठता म्हणाले. "जाताना सलूनात परत मोडून घेतो, मंग उतरंल."

बाईंचं पेन थांबलं. "परत म्हणजे?"

तात्यांनी सलूनातला हिसका सांगितला, मानेची तपासणी झाली आणि संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली होती आणि तिला लागून जाणारी, पापणी, बाहुली आणि भुवईवरचा घाम सांभाळणारी नस दुखावली होती. "पुन्हा हिसका बसला असता तर तिथली रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ शकली असती," बाई प्रगतीला म्हणाल्या. तिनं माझंच टोक डोळ्यांना लावलं.

परवा दाढी झाल्यावर सलूनवाल्याचे हात सवयीनं माझ्याकडे आले. तात्यांनी मला छातीशी धरलं. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

मला घाम पुसायला ठेवा. माझी टोकं कुणाच्या हातात देऊ नका. अपराध माझ्याही हातून झालाय. म्हणून रोज उसातून परतताना मी आधी डावी भुवई चाचपतो. आजही ती कोरडीच होती.