मधले चार सेकंद

नाशिकरोडला बिटको चौकाच्या मागच्या गल्लीत धनराजचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. वर पाटी आहे, 'गेलेला डेटा परत मिळेल.' पाटी खोटी नाही. धनराजच्या हाताला यश आहे, फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक आहे. रखडत चालणारी जुनी हार्डडिस्क काढायची, तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवायची आणि जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नव्यात आणून ठेवायचं, हा त्याचा रोजचा धंदा. सुरू व्हायला दहा मिनिटं घेणारा लॅपटॉप दहा सेकंदांत उघडला की गिऱ्हाईक खुळ्यासारखं हसतं. धनराजला ते हसू आवडायचं, पण त्याच्या आधीचा खेळ त्याहून जास्त आवडायचा.

खेळ असा. गिऱ्हाईक लॅपटॉप न्यायला आलं की धनराज तोंड पाडून बसायचा. बसा, पाणी घ्या, म्हणायचा आणि मग हळूच सांगायचा की सगळं गेलं. लग्नाचे फोटो, पोरीचा प्रोजेक्ट, जमिनीचे कागद, जे काही असेल ते गेलं. समोरच्याचा चेहरा उतरायचा, कुणाला दरदरून घाम फुटायचा, एका शाळामास्तरीणबाईंना तर रडूच कोसळलं होतं. धनराज मिनिटभर ते डोळे भरून बघायचा आणि मग स्क्रीन वळवून म्हणायचा, गंमत केली हो. लोकांच्या जिवात इतका जीव यायचा की ते रागवायचंच विसरायचे. आठवड्याला निदान दहा जणांशी तो असं वागायचा. जित्याची खोड, ती मेल्याशिवाय थोडीच जाते?

जानेवारीत एका सकाळी त्याच्याकडे पुंजाराम आला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजवा हात पँटच्या खिशात. पिशवीतला लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला तोही डाव्या हातानं. उजवा हात तो होईल तितका खिशातच ठेवतो, हे धनराजच्या नंतर लक्षात आलं.

लॅपटॉप त्याच्या मुलीचा होता. स्नेहा तिचं नाव, एकुलती एक, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तीन वर्षांपूर्वी ती सिन्नर फाट्यावर बसमधून उतरली, रस्ता ओलांडायला निघाली आणि ट्रकखाली गेली. तिला घ्यायला आलेले आईबाप अलीकडे उभे होते. तिथल्या एका चहाच्या हॉटेलाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं, उणंपुरं चौदा सेकंदांचं. हॉटेलवाल्यानं ते पेनड्राइव्हवर दिलं, पुंजारामनं ते मुलीच्याच लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं आणि पुढचे आठ महिने त्याला उघडून बघायची छाती झाली नाही. उघडलं तेव्हा डिस्क नेमकी तिथंच खराब झालेली. व्हिडिओ पाच सेकंद चालायचा, अडकायचा आणि एकदम नवव्या सेकंदावर उडी मारायचा. पाचव्या सेकंदाला स्नेहा पलीकडे कडेला उभी, खांद्याला बॅग. नवव्या सेकंदाला नुसती पळापळ. मधले चार सेकंद नव्हतेच. हॉटेलवाल्याकडचं तर केव्हाच पुसलं गेलं होतं, पेनड्राइव्हही त्याला परत केलेला.

"मला एवढंच बघायचंय भाऊ," पुंजाराम म्हणाला. "आधी तिनं पाऊल टाकलं, का आधी मी हात केला."

पट्ट्याच्या धडधडीत ओरडून उपयोग नसतो, हात करूनच माणसाला बोलवावं लागतं. चौतीस वर्षांत ती सवय अंगात मुरलेली. त्या दिवशीही त्यानं 'ये' म्हणून हात केला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. केव्हा केला ते आठवत नव्हतं. बायको शकुबाई शेजारीच उभी होती. ती शपथेवर सांगायची की पोरगी आपली आपणच निघाली, तुम्ही हात केला तो नंतर. पण बायकोनं सांगितलेलं वेगळं आणि आपल्या डोळ्यांनी बघितलेलं वेगळं. रोज संध्याकाळी तो लॅपटॉप लावायचा, ते पाच सेकंद बघायचा, अडकलं की पुन्हा पहिल्यापासून.

जाता जाता पुंजारामनं हेही सांगितलं की समोरच्या दत्तूनं चार दिवस ठेवून घेतला होता, पण त्यानं हात टेकले. मजुरीही घेतली नाही बिचाऱ्यानं.

दत्तूचं दुकान त्याच गल्लीत, बरोबर समोर. धनराजपेक्षा जुनं, पाटी बारीक, माणूस अबोल. लोक आधी दत्तूकडे जातात आणि मग आपल्याकडे, हे धनराजच्या पोटात कायम दुखायचं. दत्तूनं हात टेकले म्हटल्यावर त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. तीन दिवसांनी या, त्यानं पुंजारामला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकुबाई एकटीच आली. नवरा विहारात मीटिंगला गेल्याचं बघून, रिक्षा करून आली होती. दुकानात कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"दादा, हात आधीच व्हता. मी शेजारी व्हते, मी बघितलं. ह्यांनी हात केला, पोरीनं बापाकडं बघितलं न पाऊल टाकलं. ट्रककडं बघितलंच नाय तिनं."

 तिनं सांगितलं की तीन वर्षं आपण नवऱ्याशी खोटं बोलतोय आणि त्या खोट्यावरच तो जेवतो, झोपतो, चार माणसांत जातो. त्या डिस्कनं तेवढी एक दया केली होती. लॅपटॉप इतका रखडायचा की तो सुरू होईपर्यंत तिला भाकरी वाढून हाक मारता यायची, आणि कधी कधी तो कंटाळून उठायचाही. दत्तूकडे लॅपटॉप दिल्याचं तिला मागाहून कळलं होतं. तिथून तो तसाच परत आला तेव्हा ती सुटले म्हणाली होती, तर आता हे.

"बाहेर पाटीवर काय लिहिलंय ते येतं मला वाचता," ती म्हणाली. "तरी सांगते. बाकी पोरीचं सगळं राहू द्या. ते चार सेकंद गेले म्हणून सांगा त्यास्नी."

धनराज म्हणाला, "बघतो मावशी." आता ज्याला नाही म्हणायचं नसतं आणि हो म्हणायचं जिवावर येतं, तो 'बघतो' म्हणतो. बाईला तेवढंही पुरलं. तिनं हात जोडले आणि गेली.

आणि धनराज कामाला लागला. गेले म्हणूनच सांगायचं होतं, तर शोधायचे कशाला, असं एखाद्याला वाटेल. त्याला नाही वाटलं. दत्तूला जे जमलं नाही ते आपल्याला जमतं की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं जुनी डिस्क मशीनला जोडली, खाली छोटा पंखा लावून ती थंड ठेवली आणि खराब झालेली जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावली, पुढून, मागून, सावकाश. डिस्क खरडल्यासारखा आवाज करायची, थांबायची, एखादा कण द्यायची. दोन दिवस दुसरं काम त्यानं हातात घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चार सेकंद पुरते निघाले.

त्यानं ते बघितले. रस्त्याच्या अलीकडे पाठमोरा पुंजाराम, शेजारी शकुबाई. पुंजारामचा उजवा हात वर जातो, निळ्या शर्टाची बाही स्पष्ट दिसते, बोटं आत वळतात. पलीकडची पोरगी मान वर करते, हसते आणि खाली उतरते. एवढंच. धनराजनं ते पुन्हा लावलं नाही. त्यानं ठरवलं की गेले म्हणूनच सांगायचं. मग एसएसडी बसवली आणि सगळं तिच्यावर उतरवलं, त्या चार सेकंदांसकट. पुसून टाकायला त्याचा हात धजला नाही, कारण ते त्याचं आजवरचं सगळ्यात अवघड काम होतं.

दुपारी नवराबायको आली. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं बसली होती. शकुबाई मागे पायरीपाशीच थांबली आणि तिनं एकदाच धनराजकडे बघितलं. धनराजनं तोंड पाडलं. ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"काका, बाकी सगळं आलं," तो म्हणाला. "ते चार सेकंद मात्र गेले."

 पुंजारामचे खांदे हळूहळू खाली आले, ओझं उतरवून ठेवल्यावर हमालाचे येतात तसे. त्याला वाईट वाटलं नव्हतं. त्याला बरं वाटलं होतं, आणि ते धनराजला लख्ख दिसलं. त्यानं उजवा हात आपणहून खिशातून काढला आणि काउंटरवर टेकवला.

"असू दे," पुंजाराम म्हणाला. "दत्तू म्हणलाच व्हता, कुणाच्याच हातचं नाय म्हणून."

तो चांगल्या मनानंच बोलला. पण बसलेल्यांपैकी एकजण गालात हसला, दुसऱ्यानं वर पाटीकडे बघितलं. बस्स, तेवढ्यानं झालं.  आठवड्याला दहादा थापा मारणाऱ्या त्या माणसाला आयुष्यात एकदाच, एका बाईसाठी थाप निभावून न्यायची होती. त्याच्यानं ते एक मिनिटभरही झालं नाही.

"गंमत केली काका," तो म्हणाला आणि त्यानं स्क्रीन वळवली.

शकुबाई पुढे धावली. पूर्वी ती फाईल उघडायला इतका वेळ लागायचा की तिनं मधल्या काळात सगळा स्वयंपाक आवरला असता. आता तिचा हात काउंटरपर्यंत पोचायच्या आत व्हिडिओ सुरू झाला आणि चौदा सेकंदांत संपलाही. कुठं अडकलं नाही, कुठं उडी मारली नाही.

पुंजारामनं पुन्हा लावायला सांगितलं. धनराजनं लावलं. तिसऱ्यांदा पुंजारामनं स्वतःच लावलं, उजव्या हाताच्या बोटानं, आणि मग ते बोट तो कुणाचंतरी असल्यासारखं बघत राहिला. 

"शकू, हात आधी हाय," तो म्हणाला.

शकुबाई म्हणाली, "नाय हो, नीट बघा." अजूनही म्हणाली. समोर चित्र चालू असताना म्हणाली. पुंजारामनं तिच्याकडे बघितलं, आणि आता ज्याच्यावर विश्वास ठेवावा असं घरात काही उरलं नाही, हे दोघांनाही एकदमच कळलं.

पण माणूस रीतीचा. त्यानं लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, काम चांगलं केलंत म्हणाला. मग दारातून वळून विचारलं, "हे आता परत अडकायचं नाय ना?"

"नाही काका. ही एसएसडी आहे, दहा वर्षं बघायला नको," धनराज म्हणाला. सवयीनं म्हणाला.

पुंजाराम पायऱ्या उतरून गेला. त्याचा उजवा हात पुन्हा खिशात होता. धनराजच्या दुकानात काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हवाली करायची पद्धत आहे, म्हणून त्यानं जुनी डिस्क प्लास्टिकच्या पाकिटात घालून शकुबाईपुढे केली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. खाली वर करून बघितली.

"दादा," तिनं विचारलं, "हीच परत बसवता येईल का?"

धनराजला यावर हसावं की काय करावं कळलं नाही. बसवता येईल मावशी, पण आता काय उपयोग, असं काहीतरी तो पुटपुटला. उपयोग नाही हे तिलाही कळत होतं. तरी तिनं डिस्क पदरात गुंडाळली आणि नवऱ्याच्या मागे निघाली. चौकात रस्ता ओलांडताना तिनं त्याचा हात धरायला हात पुढे केला, तर तो दोन पावलं बाजूला सरकला. दोघं वेगवेगळे पलीकडे गेले.

संध्याकाळी पाचला धनराज कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेला. तिथं दत्तू उभा होता. दुपारपासून धनराजच्या मनात काहीतरी सलत होतं, आणि सलतं तेव्हा हा माणूस जास्तच बोलतो. तुला नाही जमलं ते मी काढून दिलं, त्यानं दत्तूला ऐकवलं. पंख्याची युक्ती सांगितली, दोन दिवसांची मेहनत सांगितली. वर म्हातारीचा किस्सा म्हणून तेही सांगितलं, की लोक नवीन मागतात आणि ही बाई जुनीच परत बसवा म्हणते.

दत्तू हसला नाही. 

"निळी बाही दिसते ना?" त्यानं विचारलं. "आणि मग पोरगी हसते."

धनराजनं ग्लास खाली ठेवला. तुला कसं माहीत, त्यानं विचारलं.

"माझ्याकडे तिसऱ्या दिवशीच निघाले होते ते."

मग दिले का नाहीस, असं धनराजनं विचारलं नाही. त्याला दुसरंच सुचलं, कारण त्याला वाटलं की त्यात आपली सुटका आहे. "मावशी तुझ्याकडेही आली होती का? तिनं सांगितलं होतं तुला?"

"नाही," दत्तू म्हणाला. "ती कशाला सांगेल? मी बघितलं ना."

त्यानं उरलेला चहा ओतून टाकला, ग्लास टपरीवाल्याच्या बादलीत ठेवला आणि दुकान उघडं आहे म्हणून निघून गेला.