मोठ्या डॉक्टरांच्या भुवया

सत्तरीतही मोठ्या डॉक्टरांचे केस कुळकुळीत काळे होते. ती त्यांची खासगी बाब. भुवयांची बाब मात्र प्रयोगशाळेपर्यंत आली.

मूल न होणाऱ्या जोडप्यांसाठी या प्रयोगशाळेत गर्भ तयार होत आणि भिंगवाली ते तपासत असे. तेवीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्यामुळे तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे.

त्या दिवशी बाहेर बाकावर एक जोडपं बसलं होतं. सहा वर्षांची खटपट आणि हाती एकच गर्भ. सकाळी भिंगवालीने तो पाहिला, तेव्हा चार पेशी होत्या, नितळ, एकमेकींना खेटून. दुपारी फोटो काढायला माणूस येणार म्हणून डॉक्टर नटून आले. मायक्रोस्कोपवर वाकले, आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, भुवया टेकवल्या, आणि उठले.

"गेला. काळा पडलाय. टाकून द्या."

"सकाळी छान होता, सर."

"सकाळी मीही छान होतो. त्या दोघांना मी सांगतो."

भिंगवाली खुर्चीत बसली. काळे ढग दिसत होते खरे. तिने गर्भाची डिश सरकवली. गर्भ सरकला, ढग जागच्या जागी. मग तिने आयपीस हलकेच फिरवला. ढगही फिरले.

तिने मान वर करून आयपीस नीट पाहिला. काचेवर चिकट काळा लेप, त्यात कोंडा, आणि एक केस, बुडाशी पांढरा, टोकाला काळा. तिने स्वतःच्या पापणीला हात लावला. बोट काळं झालं.

"सर, थांबा. गर्भाला काही झालेलं नाही. तुमचा रंग उतरलाय."

"म्हणजे?"

"भुवयांचा."

डॉक्टरांनी भुवई चाचपली, बोट पाहिलं, आणि करड्या आवाजात विचारलं, "इथे स्वच्छता कोण बघतं?"

काच पुसताना कापसाचे तीन बोळे काळे झाले. मग डॉक्टरांनी वीतभर लांबूनच डोकावून पाहिलं. चार पेशी. भिंगवालीने डिश घाईने इनक्युबेटरच्या उबेत ठेवली.

बाहेर डॉक्टर जोडप्याला सांगत होते, "अगदी थोडक्यात वाचवलाय मी." नवऱ्याने भारावून त्यांचा हात घट्ट धरला आणि मग त्याच हाताने डोळे पुसले. काचेतून भिंगवालीला त्याच्या गालावरचा काळा ओघळ दिसला.

तिने तिसऱ्यांदा हात धुतले. दारावर पाटी होती: चपला बाहेर काढाव्यात. खाली तिने पेनाने लिहिलं: भुवयासुद्धा.