आईची शेवटची इच्छा, सभेगणिक

आई गेली त्याच संध्याकाळी दादाला विधानसभेचं तिकीट मिळालं. लोक म्हणाले, आईचा आशीर्वाद. आई असती तर म्हणाली असती, आशीर्वाद बघून द्यावे लागतात.

दादाचं टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे. तिथंच प्रचाराचं कार्यालय उघडलं. कार्यकर्ते मांडून ठेवलेल्या कमोडांवर, झाकणं लावून, ओळीने बसायचे आणि राज्याचं काय होणार यावर बोलायचे. पक्षाने पाठवलेला सल्लागार बाथटबच्या कठड्यावर बसायचा. दादा पहिल्यांदाच उभा होता. भाषण येत नव्हतं, काम दाखवायला काही नव्हतं. टाइल्स मात्र चांगल्या विकायचा.

"तुमच्याकडे एकच माल आहे," सल्लागार म्हणाला. "आई."

खोटं नव्हतं. आई आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका. अर्ध्या मतदारसंघाचे कान तिने स्वतः पिळलेले, उरलेल्या अर्ध्याने ते पाहिलेले. चौकाचौकांत तिचा फोटो लागला. मूळ फोटोत ती हसत नव्हती. फलकावर तिला हसवलं होतं.

पहिल्या सभेत दादाने सांगितलं, आईने जाताना माझा हात धरला आणि म्हणाली, लोकांना सांभाळ. टाळ्या पडल्या. बाजारपेठेत ती म्हणाली, व्यापाऱ्यांना वाऱ्यावर सोडू नकोस. गिरणीमागच्या वस्तीत तिने नळाला रोज पाणी मागितलं. शेवटच्या दिवसांत आईला चमचाभर पाणी गिळवत नव्हतं; नदीपलीकडच्या सभेत मात्र ती चार पदरी पूल बांधायला सांगून गेली.

"सासूबाईंनी जाताजाता अख्खा जाहीरनामाच सांगितलेला दिसतोय," वहिनी माझ्या कानात म्हणाली. "आपल्याला मात्र साधं चहाचं विचारलं नाही कधी."

मी हसले. आई गेल्यावर पहिल्यांदाच.

आई खरं काय म्हणाली ते मला माहीत होतं. खोलीत मी एकटीच होते. मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. तिची साडी, चष्मा, फोटो, सगळं प्रचाराला गेलं होतं. तेवढं एक माझ्याकडे राहिलं होतं आणि ते मला राहू द्यायचं होतं.

मग विरोधी उमेदवाराने भरसभेत विचारलं, "आई गेली तेव्हा हे चिरंजीव होते कुठे?"

दादा घरी आला. मी भांडी विसळत होते. एरवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबणारा माणूस फडकं घेऊन पुसायलाच लागला.

"उद्याच्या सभेत दोन शब्द बोल."

"काय बोलू?"

"एवढंच, की मी होतो."

"तू नव्हतास, दादा."

"मला माहीत नाही का?" त्याने पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं. "अगं, तिकिटाचा शेवटचा दिवस होता. पुढाऱ्याच्या दारात माणसं नंबर लावून उभी होती. उठलो असतो तर गेलंच असतं."

"मग तसं सांग."

"तुला गंमत वाटतेय. नुसती पुस्तकं वाचून माणूस कोरडा होतो बघ. तिच्यासाठी एक टिपूस काढलं नाहीस, निदान माझ्यासाठी एक वाक्य तरी बोल!"

ते मात्र लागलं.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं होतं. सल्लागाराने माझ्या हातात रुमाल दिला. "डोळ्यांना लावलात तरी चालेल," तो म्हणाला. "पाणी यायलाच पाहिजे असं नाही."

मी माइकपुढे उभी राहिले. समोर आईच्या हाताखालून गेलेली माणसं होती. आता टक्कल पडलेली, नातवंडं मांडीवर घेतलेली. पहिल्या रांगेतल्या एकाने मला पाहून सवयीने पाय जुळवले. त्यांच्यापुढे तिच्या नावाने खोटं बोलणं मला जमेना.

"दादा तिथे नव्हता," मी म्हणाले. "आईने कुणाला काही मागितलं नाही. पूल नाही, पाणी नाही. ती दाराकडे बघत होती. 'आला का तो?' एवढंच म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. मग गेली."

मी दादाकडे पाहिलं. वाटलं, संपला हा. आणि दादा रडायला लागला. रोजचं, रुमाल आधी काढून रडणं नव्हे. नाक वाहतंय, तोंड वाकडं झालंय, खुर्चीचा हात घट्ट धरलाय, लहानपणी पडल्यावर रडायचा तसं. पुढची एक बाई उठली आणि हुंदके देत ओरडली, "आला गं बाई, आला तुझा लेक!" मग सगळं मैदानच तेच ओरडायला लागलं.

सल्लागार मंचामागे फोनवर बोलत होता. सकाळी प्रत्येक फलकावर हसरी आई विचारत होती, 'आला का तो?' खाली दादा हात जोडून उभा. 'आलो, आई. आता कायमचा.'

"ताई, तुम्ही निवडणूक फिरवलीत," सल्लागार मला म्हणाला. "आम्ही इतके दिवस उगाच पूल बांधत बसलो. बरं, आईंनी विचारलं त्यावर तुम्ही काय म्हणालात? दुसऱ्या फलकाला उपयोगी पडेल."

"आठवत नाही," मी म्हणाले.

आठवत होतं.

त्या संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर दादा मला आत घेऊन गेला. सल्लागार काचेच्या दाराबाहेर उभा राहिला. दादा बाथटबच्या कठड्यावर बसला. डोळे अजून सुजलेले होते.

"खरं सांग. तिने विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस?"

तो फक्त माझा भाऊ दिसत होता. इतक्या दिवसांत प्रथमच. मी सांगितलं.

"म्हणाले, आलाय. खाली गाडी लावतोय."

त्याने बाथटबचा कोरडा नळ उघडून बंद केला.

"तिला पटलं?"

"मान हलवली तिने."

"म्हणजे तिच्या हिशेबी मी पोचलो होतो."

"दादा, तू शंभर कोसांवर पुढाऱ्याच्या दारात उभा होतास."

"हो गं. पण तिच्या हिशेबी?"

तिच्या समाधानासाठी मी तसं बोलले होते. त्याला नाही कसं म्हणू?

"हो," मी म्हणाले.

"मग झालं तर," दादा म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं, उठून आरशात केस सारखे केले आणि बाहेरच्या सल्लागाराला हाक मारली.