मामांचा जबडा

विज्ञानाच्या बाईंनी मामांचा जबडा मोठ्या बाईंच्या टेबलावर असा आदळला, की स्टँडमधली पेनं उडाली.

मामा म्हणजे विज्ञानाच्या वर्गात खुंटीला टांगलेला हाडांचा सापळा, प्लास्टिकचा. शाळेत इतका जुना, की कित्येक मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि प्रत्येकीला त्याने हसूनच निरोप दिला. आता हसायला खालचा अर्धा भागच उरला नव्हता.

मोठ्या बाई मात्र खुशीत होत्या. यंदा त्यांनी चांगुलपणाला बिल्ले सुरू केले होते. मदत केली की हिरवा, चूक कबूल केली की सोनेरी. जबड्याचं वाईट वाटतं, त्या म्हणाल्या, पण मुलं बघा, एकजात पुढे येऊन कबूल करताहेत.

"एक जबडा अख्ख्या वर्गाने तोडला?"

"वर्गाने मिळून जबाबदारी घेतली, असं म्हणा ना."

कबुल्याही एकेक ऐकण्यासारख्या. एकाने मैदानातून मारलेला चेंडू बंद खिडकीतून, काचेला धक्का न लावता आत आला होता. एकीने मामांना टॉफी चारली, ती चिकट निघाली. एक पठ्ठ्या त्या दिवशी तापाने घरी झोपून होता. त्याने अंथरुणातूनच तोडला, कसा ते मात्र विचारू नका म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा सगळ्या जगाने ऐकल्यात. इथे चोर सोडून बाकीचे बोंबलत होते, आणि छातीवर सोनं लावून घरी जात होते.

राहिली होती फक्त घुमी. बोलायची नाही म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तिच्या गणवेशावर ना हिरवं ना सोनेरी. मोठ्या बाईंच्या मते तिथेच सगळं आलं. उद्या सकाळी तिला शाळेसमोर उभं करायचं, वडिलांना बोलवायचं, म्हणजे इतरांनाही समजेल.

"काय समजेल?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जबडा उचलून चालू लागल्या. वाटेत फरशी पुसायची बादली दिसली, तीही उचलली.

वर्गात त्यांनी बादली टेबलावर ठेवली.

"बिल्ले. सगळे. यात."

आवाज चढवला नव्हता, म्हणून वर्ग जास्तच घाबरला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे बिल्ले पडू लागले. ज्याला सगळे वकील म्हणत, तो बादलीपाशी घुटमळला.

"बाई, मी खोटंच सांगितलं होतं. हे कबूल केलं तर एक राहू दे ना?"

बाईंनी नुसतं दाराकडे बोट केलं. वकीलसाहेब गेले, मागोमाग वर्ग रिकामा झाला. घुमी तेवढी बाकाशी उभी.

"आता कुणालाच मिळणार नाही?" तिने विचारलं.

"कुणालाही नाही."

"नक्की?"

"नक्की. का गं?"

"मग सांगते. मी तोडला."

बाईंचा हात बादलीच्या कडीवर तसाच राहिला. घुमी आपल्या बुटांशी बोलत होती. सगळे तिच्या कोऱ्या गणवेशाला हसत होते. ते खेळायला गेल्यावर तिने वर बघितलं, तर मामाही हसत होते. "मी तोंड मिटवत होते त्यांचं," ती म्हणाली. "मिटेचना."

"मग त्याच वेळी सांगायचं होतंस."

"आले होते. मोठ्या बाईंच्या दाराशी बिल्ल्यांची रांग होती. मीपण उभी राहिले. मग मलाच कळेना, मी कशासाठी आलेय."

बाईंच्या जिभेवर 'शाबास' आलं. त्यांनी ते दातांखाली धरलं. मग त्या रागावल्या. अगदी मनापासून, ठेवणीतलं काढून. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही हे कळत नाही का, इतके दिवस मी प्रत्येकावर संशय घेत फिरले, झोप उडाली माझी, तुला काहीच वाटलं नाही? घुमी रडली. पण तिचे खांदे, जे कित्येक दिवस कानांना चिकटले होते, हळूहळू खाली आले.

"रडून झालं? आता धर."

तिने दोन्ही हातांनी जबडा मामांच्या कवटीला लावून धरला. बाईंनी बादलीतला एक सोनेरी बिल्ला घेऊन त्याची पिन उचकटली, जबड्याच्या भोकातून ओवली आणि दाबून वळवली. मामा जरा तिरके हसू लागले.

"आता जा, आणि मोठ्या बाईंना तूच सांगून ये."

घुमी जागची हलेना.

"काय झालं? भीती वाटते?"

"नाही," घुमी म्हणाली. "त्या बिल्ला देतील."

बाईंनी पदर खोचला आणि बादली उचलली. "चल, मी येते. बघू या कशा देतात ते."